कासोटा न सोडता

बाई गेल्या त्याला आता सव्वा महिना होईल. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही सगळ्यांनी एकेक आठवण लिहून द्यायची आणि त्याची एक वही करून दवाखान्यात ठेवायची, असं दिवस झाल्यावर ठरलं. बाकीच्यांनी आठवडाभरात लिहून दिलं. कुणी त्यांच्या रागाबद्दल लिहिलं, कुणी त्या आमच्या वेण्या ओढून बघत त्याबद्दल, कुणी त्यांच्या हातच्या आल्याच्या चहाबद्दल. माझी पानं अजून गेलेली नाहीत. निरोपावर निरोप येतात, "सगळ्यांत जास्त वाचणारी तू, आणि तूच मागे?"

मी दिवसाला चार ओळी लिहिते आणि त्यातल्या दोन खोडते. बाईंच्या चांगुलपणाबद्दल मला पुष्कळ लिहिता येईल. पण ते लिहायचं तर मधली एक गोष्ट गाळावी लागते, आणि ती गाळली की उरलेलं वाचायची मला लाज वाटते. म्हणून तीच लिहिते आहे.

मी धुळ्याला शिकायला गेले तेव्हा सत्याग्रहाचे कैदी तिथल्या तुरुंगात असत. सकाळी आम्ही दवाखान्याच्या मागे चादरी वाळत घालायला गेलो की कधी कधी त्यांची प्रार्थना ऐकू येई. माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. वडील जळगावला शाळामास्तर. घरात मी पुस्तकं वाचत बसते, कुणाशी बोलत नाही, याची त्यांना काळजी लागली होती. मराठी सातवीची फायनल पास झालेली मुलगी नर्सिंगला घेतात असं त्यांनी कुठे वाचलं आणि स्वतः येऊन मला सोडून गेले. जाताना म्हणाले, "पुस्तकं पाठवीन, पण आधी माणसांकडे बघायला शीक."

बघायला बाई शिकवणार होत्या. त्यांचं वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. बुटक्या, सावळ्या, आवाज घोगरा. पहिला महिनाभर त्यांनी आम्हाला पिचकारी हातात दिलीच नाही. आधी फक्त सुया. सुया मोजक्याच असत. सबंध वॉर्डाला मिळून बारा-चौदा, त्याच रोज उकळायच्या, त्याच रोज लावायच्या. सकाळी सहाणेसारख्या एका लहान दगडावर तेलाचा थेंब टाकून प्रत्येक सुईला धार काढायची आणि मग तिचं टोक कापसाच्या बोळ्यावरून अलगद ओढायचं. एक तंतू जरी अडकला तरी टोक वळलेलं आहे, पुन्हा दगडावर.

"हा तंतू इथं दिसतो," बाई म्हणत. "नाही बघितला तर तो बाईच्या मांसात अडकेल, आणि तिथं तुम्हाला दिसणार नाही, तिला दिसेल."

मग पिचकारी आली, काचेची. दवाखान्याच्या धुण्याच्या जागेमागे चार केळी होत्या. त्यांचा बुंधा कापून आणायचा आणि त्यात साध्या पाण्याची इंजेक्शनं द्यायची. आम्ही पाच मुली होतो. त्यात साक्रीकडची एक हसरी मुलगी होती. ती दर खेपेला वाकून बुंध्याला विचारायची, "काय व माय, दुखनं का?"

"केळ ओरडत नाही म्हणून तुम्ही शूर," बाई मागून म्हणायच्या. "माणसाला द्या, मग हसा."

दुखू कसं नये, हे त्यांनी जितक्या बारकाईने शिकवलं तितकं मी नंतर कुणाला शिकवताना पाहिलं नाही. औषधाची नळी आधी मुठीत धरून कोमट करा, गार औषध जास्त दुखतं. स्पिरिट लावलं की ते वाळू द्या, ओलं असताना सुई घातली तर तेही आत जातं आणि आग होते. पालथं निजवा, आणि पायाचे अंगठे एकमेकांकडे वळवायला सांगा, म्हणजे कुल्ला सैल पडतो. सुई आत जाताना वेगात, औषध जाताना सावकाश. आणि सबंध वेळ बोलत राहा, तिच्या गावाचं विचारा, म्हशीचं विचारा, काहीही. आणि सुई गेल्यावर तिला पायात झटका बसला, वीज चमकल्यासारखी कळ खाली गेली, तर तिथंच थांबा. पिचकारीचा दांडा एक रेघभरही पुढे दाबू नका. सुई काढा आणि मला हाक मारा.

जागेबद्दल तर त्या आम्हाला वीट येईपर्यंत बोलत. पाटीवर कुल्ल्याचं चित्र काढून त्यावर खडूने फुली मारत आणि वरचा बाहेरचा कोपरा रंगवत. "फक्त इथे. मधोमध एक जाडी शीर खाली पायात गेलेली आहे. तिला धक्का लागला तर पाय जातो. म्हणून आधी डोळ्यांनी बघा, मग बोटानं बघा, मग सुई. डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझी मुलगी सुई लावणार नाही." हे वाक्य मी वहीत तीनदा लिहिलेलं आहे. वही माझ्याकडे अजून आहे.

अडचण होती ती कासोट्याची. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका शेतावरच्या, नऊवारी लुगड्याच्या. बाईंनी सांगितलेला कोपरा बघायचा तर कासोटा सोडावा लागे. घरात नवऱ्यासमोर ज्यांचा पदर डोक्यावरून ढळला नव्हता, त्या बायकांना आम्ही पडद्याआड घेऊन सांगायचो, कासोटा सोडा. तापाने फणफणलेली बाईसुद्धा उठून बसे.

"मरी जासू, पन कासोटा नही सोडाव," अशी एक म्हातारी धुळ्याला माझ्या अंगावर ओरडली होती. बाईंनी तिच्याजवळ बसून, तिचा हात धरून पाऊण तास घालवला. शेवटी तिने डोळे मिटून सोडला आणि इंजेक्शन झाल्यावर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला तिचं फार वाईट वाटलं. तेव्हा वाटलं ते खरंच होतं, एवढं मी आजही म्हणेन. पुढे त्यातून मी जे काढलं त्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

वर्षभराने बाईंची जळगावला बदली झाली आणि त्यांनी आम्हा दोघींना मागून घेतलं, मला आणि साक्रीच्या मुलीला. त्या वर्षी पावसाळा संपता संपता जळगावकडे हिवतापाची साथ फार होती. बायकांच्या वॉर्डात खाटांच्या मध्येही अंथरुणं घातलेली. ज्यांच्या पोटात कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, गोळी ठरत नसे त्यांना कोयनेल टोचायचं. दिवसाला पंधरा-वीस सुया. प्रत्येकीच्या कासोट्यासाठी पाऊण तास कुठून आणायचा?

मी एक युक्ती काढली. बाईला कुशीवर निजवायचं, कमरेपाशी लुगडं थोडं सैल करायचं, बाजूने हात आत घालून हाडाचा उंचवटा चाचपायचा, त्यावरून जागा धरायची, दोन बोटांनी कापड तेवढंच सरकवायचं आणि सुई द्यायची. कासोटा जागच्या जागी. बाईला हवासुद्धा लागत नसे. माझा हात हलका होता, धार मी मन लावून काढत असे, आणि बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय असल्यामुळे बायका माझ्याशी आपणहून बोलत. झालं हे त्यांना कळतही नसे.

चार दिवसांत वॉर्डभर झालं. "ती गोरी नर्सबाई दे वं, ते इज्जत राखते." नव्या आलेल्या बायका दारातूनच मला शोधत. साक्रीच्या मुलीने मला एकदा धरलं. "तू पडद्यामागं बघत नहीस ना? बाईंना कळलं तर?"

"बोटांना कळतं," मी म्हणाले.

"केळीच्या बुंध्याला कासोटा नव्हता," ती म्हणाली आणि हसली नाही.

बाईंना माहीत नव्हतं. त्या पडद्याबाहेरून जात, आत शांतता असे, कुणी ओरडत नसे. एकदा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिच्याकडून शिका. हिच्या बायका रडत नाहीत." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजली.

पहूरच्या पुढच्या एका खेड्यातली एक बाई त्याच सुमारास आली. वीस-बावीस वर्षांची, लग्न होऊन तीनच वर्षं झालेली, अंगाने अगदी काटकुळी. थंडी वाजून ताप येई आणि पोटात पाणी ठरत नसे. बरोबर तिची थोरली जाऊ होती. तिला ती अक्का म्हणे. ही अक्का मी कधी विसरणार नाही. घरची भाकरी फडक्यात बांधून आणलेली, धाकटीच्या खाटेशी फरशीवर बसायची, तिचं डोकं चेपायची आणि सबंध वॉर्डाशी भांडायची.

"हिले मऊ भात द्या म्हटलं, हे काय देल्लं? हे तर आमची म्हैस बी खात नही!"

धाकटी त्या तापातही हसायची. "अक्का, गप वं. आपल्याले हाकलतीन."

"हाकलू दे. तुले पाठीवर घिऊन जाईन."

दोन सुया माझ्याच हातून झाल्या, काही त्रास झाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पडदा ओढला तेव्हा अक्का बाहेर जाता जाता मला म्हणाली, "उघडं नको करू हां बाई. बाहेर आमचे मामंजी येऊन बसेल आहेत." मी म्हणाले, "मी करतच नाही."

ती कुशीवर झाली आणि थंडी वाजत होती म्हणून गुडघे पोटाशी घेतले. लुगडं जाडंभरडं, कमरेपाशी त्याचा पिळा झालेला. मी हात आत घातला, हाड लागलं असं मला वाटलं. आज मला माहीत आहे की तो लुगड्याचा पिळा होता आणि हाड त्याच्याही वर होतं. मी तिला विचारत होते की या वर्षी कापूस कसा आहे. सुई गेली. ती किंचाळली. सबंध पाय ताठ झाला आणि बोटांपर्यंत थरथरला.

इथे थांबायचं होतं. सुई काढून बाईंना हाक मारायची होती. पण हाक मारली असती तर बाई पडदा सारून आत आल्या असत्या आणि त्यांनी कासोटा बांधलेला बघितला असता. औषध अर्धं राहिलं होतं. "झालं, झालं," असं म्हणत मी दांडा दाबला आणि उरलेलं अर्धं आत घातलं.

मला दुसरं काही लिहिता आलं नाही तरी चालेल, पण हे लिहिलं पाहिजे. जागा चुकली ते अज्ञान म्हणता येईल. नंतरचं अर्धं औषध मी जाणून दिलं.

तिच्या पायाची आग आग होत होती. अक्काने कुठून तरी एरंडेल मिळवलं, वाटीत कोमट केलं आणि संध्याकाळपर्यंत तो पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी खाटेवरून उतरली तेव्हा तिचं पाऊल खाली लोंबत होतं. उचलायला गेली की गुडघा वर येई, पाऊल मागून ओढलं जाई.

डॉक्टरसाहेब आले. त्यांनी तळव्यावर किल्ली ओढली, अंगठा वर कर म्हणाले. अंगठा हलला नाही. चादर न उचलताच त्यांनी विचारलं, कुठे दिलं होतं, कुणी दिलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "उघडं करून, बघून दिलंस ना?"

मी म्हणाले, "हो, बाई."

त्यांनी खाटेवरच्या बाईला विचारलं. तिथे परका पुरुष उभा होता आणि दारात सासरे. कासोट्याबद्दल ती काय बोलणार? शिवाय तिला मला वाचवायचंही असेल, कारण तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. समदं बघून देल्लं त्यायनी."

"मग तुमची जागाच चुकीची आहे," डॉक्टर बाईंना म्हणाले. वॉर्डात सगळ्यांना ऐकू गेलं. "किती मुलींना शिकवलीत ही?"

बाई म्हणाल्या, "माझ्याच शिकवण्यात चूक असणार. ही मुलगी चुकायची नाही."

मी तिथे उभी होते, हातात ट्रे होता. त्या क्षणी बोलता आलं असतं. पुढच्या तासाभरात बोलता आलं असतं. मी तोंड उघडलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. दुपारी अक्काने मला गाठलं आणि विचारलं, "पाय कशानं गेला वं, बाई? काल तं चांगला व्हता."

मी तिला विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?"

"मी. एरंडेल लावून."

"चोळायला नको होता," मी म्हणाले.

धाकटी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होती. दोन दिवसांनी बैलगाडी आली. अक्का गाडीत मागे बसली आणि धाकटी पुढे, सासऱ्यांच्या पाठीशी.

बाईंनी त्यानंतर पाटीवर ते चित्र कधी काढलं नाही. कुल्ल्याची जागाच त्यांनी शिकवायची सोडली. त्या मांडीत समोरून सुया द्यायला शिकवू लागल्या. तिथे धोका नाही, पण कोयनेल मांडीत फार दुखतं. बायका चार-चार दिवस लंगडत, गाठी येत, काहींना गळू होई. दुखणं कमी करण्याची जिला एवढी ओढ, ती बाई बारा वर्षं रोज बायकांना रडताना बघत होती, आणि तेही आपल्या न झालेल्या चुकीपायी. मी त्याच दवाखान्यात होते. पुढे शिकवणारीही झाले. मीही मांडीतच शिकवलं.

गेल्या दिवाळीनंतर बाई आजारी पडल्या. पिंप्राळ्याला भाच्याकडे राहत होत्या. हृदय मोठं झालं होतं, पायांवर सूज. मी ड्यूटी संपली की जात असे. त्यांना सुया देण्याचं काम माझ्याकडेच होतं. एके दिवशी त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर नव्या मुलींना ती जुनी जागा कुणीतरी शिकवून बघा. दुसऱ्या दवाखान्यांत अजून तिथेच देतात म्हणे. माझंच काहीतरी चुकत होतं. मला ते शेवटपर्यंत सापडलं नाही."

मी सांगितलं. पिळ्याचं सांगितलं, किंचाळण्याचं सांगितलं, अर्ध्या औषधाचं सांगितलं. "हो, बाई" म्हणाले ते सांगितलं. सांगताना मी रडले. मला वाटतं, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवावा अशी माझी कुठेतरी अपेक्षा होती.

त्या छताकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं?"

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"पाय सुधारला? कधी कधी वर्षभरात सुधारतो."

"माहीत नाही, बाई."

"बारा वर्षांत तू चौकशी केली नाहीस?"

पहूर जळगावहून फार लांब नाही. नेरीवरून मोटार जाते. या बारा वर्षांत मी कितीदा तरी त्या बाईबद्दल विचार केला होता, पण प्रत्येक वेळी बाईंना कळलं तर काय, एवढाच तो विचार होता. ती चालते कशी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"जाऊन ये," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोलून काय होणार? मी खाटेवर आहे. तिला चालायचंय."

मी हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, गेलीस का? मी म्हणाले, या रविवारी. त्यानंतर आणखी एकदा विचारलं. मी म्हणाले, रजा मिळत नाही. ते खोटं होतं, मी रजा मागितलीच नव्हती. त्याच आठवड्यात शुक्रवारी बाई गेल्या.

दिवस झाल्यावर मी गेले. आता कळवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून जावंसं वाटलं असेल. पहूरला मोटारीतून उतरून कापसाच्या गाड्यांबरोबर चालत त्या खेड्यात पोचले. घर विचारावं लागलं, पण "जळगावला पाय गेला ती" म्हटल्यावर लगेच दाखवलं.

ती ओट्यावर कापूस निवडत होती. बत्तीस-चौतिसाची असेल, पण चाळिशीची दिसली. पावलाला चिंधी बांधून तिची गाठ पोटरीशी घट्ट मारलेली, पाऊल वर राहावं म्हणून. तिने मला आधी ओळखलं.

"माय वं! इज्जत राखनारी नर्सबाई!" तिने शेजारच्या बायकांना हाका मारल्या. "अवं या, हेच ते! कासोटा न सोडता सुई देयेल!" तीन-चार जणी आल्या. मला पाणी दिलं, गूळ दिला. माझं कौतुक चाललं होतं आणि मी गूळ हातात धरून उभी होते.

"तुमचा पाय माझ्यामुळे गेला," मी म्हणाले. मग पुढचं सगळं सांगितलं. साध्या शब्दांत सांगता यावं म्हणून वाटेत जुळवून ठेवलं होतं, तरी दोनदा अडले.

तिने हातातला कापूस खाली ठेवला. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुमी तं म्हनल्या व्हत्या, चोळायले नको व्हतं."

"ते मी खोटं म्हणाले."

"अक्कानं मुद्दाम चोळला, हे समद्या गावाले माहीत आहे," ती हळू बोलत होती, जसं काही स्वतःलाच विचारत होती. "मले मूल व्हयेल नव्हतं, तिले व्हते. वाटनीचं चालू व्हतं. तिनं तेलात काही घातलं म्हने. मी बारा वरीस तिच्या हातचं पानी पेली नही." ती उठली. पाय ओढत पलीकडच्या दारापाशी गेली. दोन्ही घरांत एकच भिंत होती. दारात उभी राहून तिने हाक मारली, "अक्का!"

बरोबरच्या बायका एकदम गप्प झाल्या. त्यावरून मला कळलं की ही हाक त्या गल्लीत बऱ्याच वर्षांनी ऐकू आली होती.

अक्का बाहेर आली. केस पिकलेले, हात पिठाचे. धाकटीला बघून तिने पदर सावरला. "काहाले आली?"

"हे काय सांगते, ते ऐक."

मी पुन्हा सांगितलं. अक्काने विचारलं, "म्हंजे चोळला म्हनून नही?"

"नाही."

"तेल गरम झालं म्हनून?"

"नाही. तुम्ही पाय हातात घेतलात त्याच्या आधीच तो गेला होता."

ती उंबऱ्यावर बसली. आपल्या पिठाच्या हातांकडे बघत राहिली. "लोकं म्हनत व्हते ते म्हनत व्हते," ती म्हणाली, "मले बी तसंच वाटे. माह्या हातात काही वाईट आहे असं. माही पोरगी बायंतपनाले आली, तिचं लेकरू मी चोळलं नही. न्हानीपाशी शेजारनीले बलावलं. पोरगी रडली, म्हने, माय, तू काहाले हात लावत नही? मी काय सांगू तिले?"

धाकटी भिंतीला टेकून उभी होती, ती अक्काकडे बघत नव्हती, अक्काही तिच्याकडे बघत नव्हती. कुणी तरी गळ्यात पडेल, रडेल, असं मला वाटलं असेल तर तसं काही झालं नाही.

मग अक्का म्हणाली, "तुले लिहिता येतं ना?"

"हो."

"मंग कागदावर लिहून दे. तू जाशीन मोटारीत बसून. उद्या हे लोकं म्हनतीन, अशी कोन्ही आलीच नव्हती."

माझ्या पिशवीत वही होती, ती नेहमी असते. मी ओट्यावर बसून लिहिलं. पाच ओळी. सुई मी चुकीच्या जागी दिली. बघून दिली नाही. कळ गेल्यावर थांबले नाही. पाय त्याच वेळी गेला, चोळल्याने गेला नाही. हे मी तेव्हा लपवलं. खाली नाव घातलं, दवाखान्याचं नाव घातलं. एवढं लिहायला मला फार वेळ लागला आणि त्या दोघी तेवढा वेळ उभ्या होत्या.

कागद दिला तसा अक्काने तो परत माझ्या हातात ठेवला. "वाच."

मी वाचला. तोवर गल्लीतल्या आणखी बायका आल्या होत्या, दोन पुरुष लांब थांबले होते. एकजण म्हणाली, काय झालं, काय झालं? अक्का म्हणाली, "हिच्यासाठी पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला. मग विहिरीकडून हंडे घेऊन तिघी आल्या, त्यांच्यासाठी वाचला. शेवटी काठी टेकत एक फार म्हातारी बाई आली. तिला अक्काने हाताला धरून माझ्यासमोर ओट्यावर बसवलं.

"जोरात वाच," अक्का मला म्हणाली. "तिले ऐकू येत नही. आणि माह्यावर पहिलं बोट तिनंच दाखोलं व्हतं."